रिपोर्टखालची पेन्सिलीची ओळ

मी केडगावच्या शाळेत शिकवायचे तेव्हा सातवीला माझ्या वर्गात असलेली प्रज्ञा साळवे गेली एकोणीस वर्षं नगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. या रिपोर्टांत जर्मन आडनावं फार येतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणी एखादी पेशी पहिल्यांदा पाहिली, की ती कायमची त्याच्या आडनावावर झाली. लांगहान्स वेगळा आणि लांगरहान्स वेगळा. प्रज्ञाने दोघांची कधी गल्लत केलेली नाही.

तिची आणखी एक सवय होती. रिपोर्ट छापला की अशा नावाखाली ती पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहून द्यायची. तिचे वडील एकदा पुण्याच्या दवाखान्यात खिडकीपुढे उभे होते. "काय झालंय?" असं विचारल्यावर त्यांना रिपोर्टवरचं नाव म्हणता येईना, कागद पुढे करण्यापलीकडे काही जमलं नाही, आणि मागच्यांनी त्यांना बाजूला सारलं. प्रज्ञा तेव्हा बरोबर होती, एवढंच ती सांगते.

उच्चार ती मोबाईलवर ऐकून ठरवते.

"बाई, जर्मनीत ह्युर्टले म्हणतात, पुण्यात हर्थल," तिने मला एकदा सांगितलं.

"मग तू काय लिहितेस?"

"हर्थल. पेशंट पुण्याला जाणार आहे."

मार्चमध्ये लॅब एका नव्या डॉक्टरांनी विकत घेतली. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पेन्सिल बंद केली. रिपोर्टवर हाताने काही लिहायचं नाही, असा नियम आहे. प्रज्ञालाही तो मान्य होता. पण लोक काउंटरवरून हलेनात. "ताई, हे म्हणायचं कसं?" लिहायला बंदी होती, बोलायला नव्हती. मग ती नाव म्हणून दाखवायची आणि समोरच्याकडून तीनदा म्हणून घ्यायची.

मी थायरॉईडच्या तपासणीला गेले त्या दिवशी काउंटरवर श्रीगोंद्याचा कानिफनाथ होता. तो कारखान्यावर उसाचा ट्रक चालवतो. त्याच्या आई गीताबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आला होता आणि पुण्याचा थोरला भाऊ फोनची वाट पाहत होता.

"लांग," प्रज्ञा म्हणाली.

"लांग."

"हान्स."

"हान्स. लांगहान्स."

बाकावरचे दोघे-तिघेही सोबत म्हणत होते. त्यांच्या रिपोर्टात ते नाव नव्हतं.

गीताबाईंनी विचारलं, "कोन हाय रं ह्यो?"

"जर्मनीचा डाक्टर हुता, आये."

"त्याला बी गाठ हुती?"

"न्हाई गं. त्यानं बघितली नुसती."

"मंग हाय का मेला?"

"मेला की. लई वर्सं झाली."

गीताबाई कानिफनाथकडे वळल्या. मग म्हणाल्या, "सुनंला फोन लाव. माझ्या पाटल्या धाकटीला द्यायच्या, थोरलीला न्हाई."

"आये, गप की!"

रिपोर्टचा अर्थ प्रज्ञा कधीच सांगत नाही. ते डॉक्टरांचं काम. ती उठून आत गेली.

"सर, बाहेर एक आजी वाटण्या करतायत."

डॉक्टर सहसा बाहेर येत नाहीत. त्या दिवशी आले आणि गीताबाईंच्या शेजारी बाकावर बसले.

"आजी, ही टीबीची गाठ दिसतेय. तुमचे डॉक्टर गोळ्या देतील. मधेच सोडायच्या नाहीत. बऱ्या व्हाल."

"आन् त्यो जर्मन?"

"त्याचं काम झालंय, आजी."

गीताबाईंनी मान हलवली. पाटल्यांचं मात्र ठरलं ते ठरलं, असं त्या कानिफनाथला हळूच म्हणाल्या. तो फोनवर होता. "दादा, तुला न्हाई वाचता यायचं. लिहून घे, मी सांगतो. लांगहान्स. परत म्हन." तिकडून बहुधा चुकीचं आलं असावं. "आसं न्हाई. परत."

डॉक्टर बाकावरून उठून हे ऐकत उभे होते.

"हे रोज असंच चालतं?"

"पेन्सिल बंद झाल्यापासून, सर."

"मला वाटायचं, शेजारी क्लास आहे." मग ते म्हणाले, "रिपोर्टवर नको. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून देत जा."

"उद्यापासून?"

"आत्तापासून."

प्रज्ञाने ड्रॉवर उघडला. एका मापाच्या चिठ्ठ्या कापून, रबर लावून तयार होत्या. तिने वरची काढली आणि कानिफनाथला जरा थांबायला सांगितलं.