शिशाच्या बदल्यात अक्षरं

बोईसर स्टेशनबाहेर मी रिक्षावाल्याला पत्ता दाखवला. त्यानं तो वाचलाही नाही. "पुरानी गाड़ीवाला लिलाव ना? सुबह से चौथी सवारी है," म्हणाला आणि निघालाच. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत शिरलो तसा डोळ्यांना झोंबणारा आंबूस वास आला. मी पदर नाकाला लावला, तर तो आरशातून हसला. "दो दिन रहो, फिर वास नहीं आता."

मी वाईची. तिथं माझा छोटा छापखाना आहे. अजून शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, हातानं जुळवून लग्नपत्रिका आणि लहान पुस्तकं छापणारा. गेली काही वर्षं माझे बारीक खिळे झिजत चालले होते. रफार तुटले, वेलांट्यांची टोकं गेली. नवे खिळे ओतणारं कुणी उरलं नाही. छापखाना बंद करायचा की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक होता. अशात एका लिलावाच्या यादीत फोटो दिसला: पायानं चालवायचं ट्रेडल यंत्र आणि शेजारी खिळ्यांनी भरलेल्या लाकडी केसेस. केस म्हणजे प्रत्येक अक्षराला वेगळं घर असलेला उथळ खण. मी त्याच आठवड्यात निघाले.

लिलाव एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये होता. मालकाला जुन्या वस्तू जमवायचा नाद. तो गेल्यावर मुलांनी सगळंच विकायला काढलेलं. दारातच लांब नाकाची काळी मोटार उभी होती आणि तिच्याभोवती सुरत-वसईकडची माणसं बॉनेट उघडून वाकली होती. पुढे पितळी कंदील, लंबकाची घड्याळं, सुतारांचे रंधे नि पटाश्या, होकायंत्रं, भलामोठा हातभाता. एरवी त्या रंध्यांपुढे मी तासभर रमले असते. पण मी खिळ्यांसाठी आले होते. ट्रेडल मागच्या भिंतीला होतं आणि केसेस त्याच्याजवळ नव्हत्या.

त्या बाहेर उन्हात, भंगाराच्या ढिगाशेजारी होत्या. चौदा केसेस. एकीवर कुणीतरी चहाचा ग्लास ठेवला होता.

टेबलामागच्या मुलीनं संगणकावर पाहिलं. "मॅडम, तो लॉट भंगारात गेलाय. शिसं घातक कचऱ्यात येतं. ज्यांच्याकडे परवाना आहे, त्यांनाच बोली लावता येते."

"अहो, पण ती अक्षरं आहेत."

"यादीत शिसं लिहिलंय," ती म्हणाली. तिचंही काही चुकत नव्हतं.

मी परत बाहेर आले, तर केसेसपाशी एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, पायांत रबरी चपला. सांडलेले खिळे एकेक उचलून ते बिनचूक आपापल्या घरात टाकत होते.

"तुम्ही जुळारी का?" मी विचारलं.

"व्हतो," ते म्हणाले. "हितंच. पिंपांवरची लेबलं, गावाच्या पत्रिका, सोसायटीच्या पावत्या, समदं मीच जुळवलं. आज मशीनला बघाया आलो."

त्यांचं नाव देवजीकाका. मनोरकडच्या मासवणहून दोन बस बदलून आले होते. लिलाव सुरू झाला तेव्हा आम्ही मागच्या रांगेत शेजारी बसलो. मोटारीसाठी चढाओढ लागली, टाळ्या पडल्या. ट्रेडल एका हॉटेलवाल्यानं घेतलं, दारात शोभेला ठेवायला. काकांनी मान खाली घातली. शिशाच्या लॉटला दोनच हात वर झाले आणि "तीन वार" म्हणेपर्यंत एकच उरला: कुंभवलीचे भंगारवाले जगदीशभाई.

मी उठले आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. ही अक्षरं मला द्या म्हटलं.

"दीदी, मेरे को अक्षर से क्या लेना-देना," ते शांतपणे म्हणाले. "भट्टीवाले को जुबान दी है। कल शाम को गाड़ी आएगी। उतना वजन उसको देना ही है।"

"वजनच द्यायचं ना? मी दुसरं शिसं आणून दिलं तर?"

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "एक किलो के बदले डेढ़ किलो। शाम पाँच के पहले।"

"चालेल," मी म्हटलं. शिसं कुठून आणायचं, याची मला तेव्हा काडीचीही कल्पना नव्हती.

ती काकांना होती. रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "एडवणला जाऊ. तिकडं घराघरात जुने पाग हायत." पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. त्याच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले असतात, म्हणून ते पाण्यात झपकन बसतं. "आता पोरं कंपनीत जातात. पाग कोन टाकतो? माळ्यावर पडून हायत."

रात्री मी मासवणला काकांच्याच घरी राहिले. सकाळी पालघरला येऊन एडवणची एसटी धरली. केळीच्या बागा आणि पानवेलींचे मांडव मागे पडत गेले, वारा खारट झाला आणि सुरूच्या झाडांमागे समुद्र दिसला. ओहोटी होती. करडा, ओला किनारा लांबवर पसरलेला आणि त्यावर वलांड्या (मासळी वाळवायचे बांबूचे मांडव).

पहिल्या तीन घरांत नकार मिळाला. एका आजोबांनी तर काठीच उगारली. "जाल्याचं शिसं मागतेस? उद्या व्हडी मागशील!" चौथं घर हिराबायचं. साठीची, काटक, नाकात जाड नथ. ती बोंबलांच्या पाट्या मोकळ्या करत होती. तिनं आमचं सगळं ऐकून घेतलं.

"अक्षरं वितळवनार?" तिनं काकांना विचारलं.

"आज सांजेला."

"मंग बोलत काय बसलात? पन माजी मानसं कमी हायत. ह्ये बोंबील आदी वर चढवा. मग मी घरोघर फिरते तुमच्यासंगं."

मी घड्याळात पाहिलं. दहा वाजले होते. मी पदर खोचला.

दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची. सांगायला एवढंच. पण बोंबील म्हणजे नुसता बुळबुळीत लगदा आणि त्याचे दात सुईसारखे. पहिल्या पाटीतच माझी बोटं रक्ताळली. शेजारच्या बाया हसायला लागल्या. "ब्राह्मनीन हाय काय गो?" एकीनं विचारलं. "छापखानेवाली हाय," काका म्हणाले आणि त्यांनीही सदऱ्याच्या बाह्या सारल्या. तिसऱ्या पाटीपासून माझा हात बसला. अकरा पाट्या संपल्या तेव्हा उठताना कंबर सरळ होईना.

हिराबायनं तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं आंबट-तिखट कालवण वाढलं. चिरलेल्या बोटांना तिखट असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं, तरी मी दुसरी भाकरी मागून घेतली. मग ती शब्दाला जागली. दारोदार जाऊन तिनं हाका मारल्या, माळे उघडायला लावले. काठीवाल्या आजोबांच्या दारात ती एकटीच आत गेली. बाहेर आली ती खांद्यावर आख्खा पाग घेऊन. आम्ही अंगणात बसून जाळ्यांच्या कडा कापल्या आणि मणी पोत्यात भरले. काट्यावर पंचेचाळीस किलो भरले. मला साठ तरी हवे होते.

परतीची एसटी तेवढ्यात डोळ्यांदेखत निघून गेली. मी पोत्यावरच बसले. काका मात्र रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि मासळीच्या टेम्पोला हात केला. बर्फाच्या पेट्यांमध्ये बसून, वितळत्या पाण्यात भिजत आम्ही जगदीशभाईंचं कुंभवलीचं आवार गाठलं, तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. भट्टीची गाडी आधीच आली होती. दोन हमाल फावड्यानं खिळे पोत्यात भरत होते.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या कारखान्याचा रखवालदार बाहेर आला.

जगदीशभाईंनी मण्यांचं पोतं काट्यावर घातलं, आकडा पाहिला. "तीस किलो ले जाओ। जो चाहिए।"

मी मथळ्याच्या मोठ्या, डौलदार अक्षरांकडे धावले. छातीशी धरावं असं त्यांचं रूप होतं. काकांनी माझं मनगट पकडलं.

"ती नगं. मोठी अक्षरं लाकडात कोरून घेता येतात. ह्ये बारीक बग. ह्ये परत कोन वतनार नाय."

बरोबर होतं त्यांचं. मी मोठी अक्षरं खाली ठेवली. काका एकेक खण पुढे करत गेले, मी उचलत गेले. काटा तीसवर थांबला, तेव्हा बाकीचं गाडीत चढलं. गाडी वळणाआड गेली. मग जगदीशभाईंनी रिकाम्या केसेस पायानं आमच्याकडे सरकवल्या. "ये भी ले जाओ। लकड़ी का मैं क्या करूँ?"

चौदा केसेसमधल्या अकरांची अक्षरं वितळली, हे मी विसरलेले नाही. मोठं काही वाचवून आले, असंही मला वाटत नाही. एक माणूस दोन हातांनी जेवढं उचलू शकतो तेवढंच मी आणलं. पण आता छापखाना बंद करायचा की नाही, हा प्रश्न उरलेला नाही. अक्षरांसाठी घरचे पाग कापू देणाऱ्या एडवणच्या बायांनी तो माझ्यापुरता सोडवला.

महिन्याभरानं देवजीकाका वाईला आले. सहा दिवस राहिले. माझी सरमिसळ झालेली अक्षरं त्यांनी निवडून दिली. शेवटच्या दिवशी मी त्या खिळ्यांतलं पहिलं पान जुळवलं आणि अभिमानानं त्यांच्यापुढे ठेवलं. उलट्या अक्षरांवरून त्यांनी सावकाश नजर फिरवली. शाईचा थेंबही लागायच्या आत म्हणाले, "तिसऱ्या वळीत चूक हाय."

"एकच ना काका? पुढच्या वेळी—"

"सोड ती वळ. परत जुळव."

मी जुळवलेल्या पानाभोवती बांधलेला दोरा सोडला आणि परत जुळवायला बसले.