तापलेली गाडी आणि भाचीची पाठवणी

माझ्या गाडीला एकच खोड. सकाळी थंड असताना चावी फिरवली की लगेच सुरू. पण तापल्यावर बंद केली आणि चहा पिण्याइतका वेळ थांबलं, की मग देव आला तरी सुरू होत नाही. तासाभरानं निवली की पुन्हा गुणी बाळ! प्लग बदलले, बॅटरी बदलली, दोन मेकॅनिक बदलले. तिसऱ्यानं निदान केलं: पंप दाब धरत नाही, इंजिनाच्या गरमीनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. जुनं मॉडेल, नवा पंप मिळेना. नळीवर ओलं फडकं टाका, म्हणाला, नाहीतर बंदच करू नका.

आता आमच्याकडं चहा न घेता कुणाच्या दारातून निघता येतं का? मी गाडी चालू ठेवूनच चहा प्यायचो. लोक म्हणायचे, लई घाईत असतो गडी.

आणि भाचीनं लहानपणापासून ठरवलेलं, सासरी जाईन तर मामाच्याच गाडीतून. लग्न सिरसाळ्याला, सासर पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कडा गावी. मे महिना. पाहुणे आणून आणून गाडीची भट्टी झालेली. पाठवणीला ती सजवून मांडवाच्या दारात चालूच ठेवली आणि आत गेलो. मायलेकी गळ्यात पडून रडत होत्या. त्यांना कसंबसं सोडवून बाहेर आणलं, तर गाडी गप्प!

नवरदेवाचे वडील हसत म्हणाले, "मामा, पेट्रोल कावून जाळता? मी बंद केली."

दुसरा कुणी असता तर बखोट धरलं असतं. पण व्याही पडले!

फडकं टाकलं, चावी फिरवली. नुसती खरखर. मग वऱ्हाडातला जो तो मेकॅनिक झाला. "ढकला बे!" ढकलली, हार तुटले, गाडी ढिम्म. एकानं तर लिंबू उतरवलं. दुसरी गाडी आणतो म्हटलं, तर भाची अडून बसली, "मामाचीच." लाजेनं मेलो मी. शेवटी व्याहीच म्हणाले, निवू द्या.

भाची परत आत गेली. बऱ्याच वेळानं डोकावलो तर शालूसकट आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. दोघी कशावर तरी खुसुखुसु हसत होत्या. मला बघून बहीण उठून बाहेर आली. आता माझी काही खैर नाही, असं वाटलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "चालू झाली तरी लगेच सांगू नको."

गाडी केव्हाच निवली होती. मी चावी खिशात टाकली आणि बॉनेटखाली वाकून पान्यानं उगाच ठोकत राहिलो.