आमच्याकडंही पाणी आलं नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड कळत नाही.

आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि वेळेचा भरवसा नाही. म्हणून गल्लीत एक रीत आहे — ज्याला आधी कळेल त्यानं शेजाऱ्याला हाक मारायची. भांडण असलं तरी हाक चुकत नाही. निदान चुकत नव्हती.

माझ्या शेजारी महादेवअण्णा राहायचे. मूळचे होटगीचे, रेल्वेतून रिटायर झालेले. गल्लीतल्या गणेश मंडळाच्या मिरवणुकीत डीजे नको, हे आम्हा दोघांचंही मत. काचा थरथरतात, म्हातारी माणसं छाती धरून बसतात, यात कसला आलाय देव? पण हे आम्ही बोलायचो कुठं — तर माझ्या घरात, चहा पिताना. मीच त्यांना चढवलं. माझा जन्म कारकुनीत गेलेला. पोलिसांना द्यायचा अर्ज मीच लिहिला. "तुम्ही सही करा, खाली मी करतो," म्हणालो. त्यांनी केली. मी — उद्यावर ढकलली. अण्णांनी वाट पाहिली आणि अर्ज तसाच देऊन आले.

मंडळाची बैठक बसली. अण्णांना धर्मबुडवे म्हणून झालं. "आजून कोन हाय ह्येंच्यासंगं?" अध्यक्षानं विचारलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाचवायलाच — दुसरं काय? त्या घराशी बोलणं बंद करायचं ठरलं, तेव्हा मीही हात वर केला.

एवढंच असतं तर नुसता भ्याड ठरलो असतो. पण...

गल्लीनं त्यांना पाण्याची हाक मारणं बंद केलं. अण्णा आणि त्यांची बायको, दोघांनाही ऐकायला कमी यायचं. पाणी येऊन जायचं, त्यांना पत्ताच नसायचा. आमची भिंत एक. मी टाकी भरायचो, मोटर बंद करायचो आणि गुपचूप आत यायचो. एकदा वहिनी रिकामी घागर घेऊन दारात आल्या. त्यांचे गुडघे धरलेले.

"भाऊसाहेब, पानी आलंय की काय हो?"

"आमच्याकडंही आलं नाही, वहिनी."

टाकी तेव्हा भरून वाहत होती. ओघळ अंगणातून त्यांच्या पायापर्यंत आला. त्यांनी पाय मागं घेतला आणि घागर घेऊन परत गेल्या. मी — मी दार लावलं.

पुढं घर विकून ते होटगीला गेले. अर्ज कुणी लिहिला, हे अण्णांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

यंदा मंडळानं मला सल्लागार केलं. डीजेच्या गाडीपुढं उभं करून हार घातला. मी तो घालून घेतला.