डोंगरावरचा चष्मा

"पाण्याचं सांगा, रस्ता मी काढतो," असं म्हणत ते कानामागची पेन्सिल काढून नकाशावर टेकवायचे.

लातूर जिल्हा तेव्हा इतका नवा होता की कचेरीत पाट्या आधी आल्या आणि खुर्च्या मागून. मोजणी खात्यातल्या या नकाशानवीसांच्या वाट्याला दोन्हीतलं काहीच आलं नव्हतं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. खिडकीच्या कट्ट्यावर बसून ते सरकारी काम उरकायचे आणि उरलेल्या वेळात बालाघाटाचा डोंगर चालायचे. कागदावर.

ज्याची सहल कायम ठरलेली असते आणि कधीच निघत नाही, असा एक जण तुमच्याही कचेरीत असेलच. अण्णांचा बेत मात्र पक्का होता, सोबतीला मी. "अख्खी रांग लई लांब हाय. आपण आपला तुकडा चालू. अहमदपूरकडून चढायचं, माथ्यामाथ्यानं मुखेडला उतरायचं."

अडचण दुष्काळाची होती. माथ्यावरचे झरे त्यांनी निळ्या पेन्सिलीनं दाखवले होते. आटल्याची खबर आली की एकेक खूण खोडत होते.

एकदा कचेरीतल्या जुन्या ट्रंकेतून निजामाच्या काळातला नकाशा निघाला. अण्णांचं शिक्षण उर्दूत झालेलं. आम्ही बाकीचे त्यापुढे अडाणी. त्यांनी एका जागी बोट ठेवून वाचलं, "चश्मा."

"कुणाचा पडला, अण्णा?" मी विचारलं.

"हस लेका. उर्दूत चश्मा म्हणजे झरा."

पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय निळी खूण करायची नाही, हा त्यांचा नेम होता.

एवढ्यात साहेबांना या बेताची कुणकुण लागली. साहेब पुण्याकडचे, उत्साही. दोन माणसांच्या चालण्याचं त्यांनी जिल्हा पदभ्रमण अभियान करून टाकलं. दोनशे माणसं, टोप्या, बॅनर, स्वागत समिती आणि तिचं स्वागत करायला आणखी एक समिती. वाटाड्या म्हणून अण्णांचं नाव यादीत पहिलं. टंचाईमुळे सगळ्यांच्या रजा बंद होत्या, अण्णांची निवृत्ती जवळ आलेली आणि गुडघे तिच्याही आधी थकलेले. डोंगर चालायचा तर हीच संधी होती.

"वरात तर वरात," अण्णा म्हणाले, "डोंगर तर घडंल."

रविवारी आम्ही दोघं तो झरा बघायला गेलो. सापडला. कपारीतून करंगळीएवढी धार येत होती. वस्तीवरच्या चार बाया पाळीपाळीनं वाटीवाटीनं घागर भरत होत्या.

"टँकर आला काय ओ?" एका म्हातारीनं विचारलं.

"न्हाई मावशी. चालाया येणार हावोत. पाणी बघून राहिलो."

"किती जण?"

"दोनशे."

म्हातारीनं आपल्या घागरीत बघितलं. मग एक पेला भरून अण्णांच्या हातात दिला. "तुमी दोघं तर प्या. हाय तवर."

अण्णा पाणी प्यायले. उतरताना ते दोनदा वाट चुकले.

सोमवारी बैठकीत साहेबांनी त्या जुन्या नकाशावर नेमकं त्याच जागी बोट ठेवलं. "इथे काय लिहिलंय?"

"चष्मा, साहेब."

"डोंगरावर चष्मा?"

"निजामाच्या मोजणीदाराचा राहिला असंल."

सगळी बैठक हसली. मी हसलो नाही, म्हणून शेजारच्यानं मला कोपर मारलं.

"आणि पाणी?"

"आपल्या नकाशावर निळी खूण एकबी उरली न्हाई, साहेब."

कागदापुरती दोन्ही उत्तरं खरी होती; रविवारचा झरा त्यांनी निळा केलाच नव्हता. अण्णा कागदाशी कधी खोटं बोलले नाहीत.

मग डोंगर रद्द झाला आणि अभियान डांबरी रस्त्यानं कचेरीपासून बाजारातल्या गोलाईपर्यंत निघालं. यादी छापून झाली होती, त्यामुळे त्या नाकासमोरच्या रस्त्यावरही सगळ्यात पुढे वाटाड्या होता. टोपी त्यांना मोठी होत होती.

निवृत्तीनंतर ते मुलीकडे मुखेडला राहायला निघाले. मी स्टँडवर पोचवायला गेलो.

"डोंगर राहिला, अण्णा."

त्यांनी कंडक्टरला विचारलं, "डोंगर कोणत्या बाजूला येतो ओ?" आणि त्या बाजूच्या खिडकीशी बसले. ती उन्हाची बाजू होती. सावलीतली बाकं रिकामी होती.

गाडी वळली तेव्हा एका हातानं ऊन अडवून ते बाहेर बघत होते. डोंगर यायला अजून पुष्कळ वेळ होता.