घाटात उलटी चढलेली गाडी

नगरच्या तारकपूर भागात रंगनाथ मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. लष्कराने लिलावात काढलेल्या जुन्या जीपगाड्या तो घ्यायचा, मागच्या बैठका उपटायचा, सांगाडा लांबवून त्यावर लाकडी हौदा चढवायचा आणि चार सिलिंडरच्या इंजिनाला थोपटून म्हणायचा, "लढाई संपली गड्या. आता कांदे वाहायचे."

मिस्त्री अंगाने काटकुळा, पण आवाज सभेचा. नम्रपणा त्याच्याकडे कधी दुरुस्तीलासुद्धा आला नव्हता. त्याची खरी ऐट दिसायची ती मागच्या आसाची जोडी निवडताना. दोन चाकांच्या मधोमध जो फुगीर गोळा असतो, त्याच्या पोटात दातेरी चक्रांची एक जोडी असते. इंजिनाचा जोर तिच्यातून चाकांना मिळतो. रंगनाथच्या फळीवर दोन तऱ्हेच्या जोड्या तेल माखून ठेवलेल्या असत. एकीत इंजिनाकडून आलेला दांडा पाचाहून जास्त वेळा फिरे तेव्हा कुठे चाक एकदा फिरे. चाल मंद, ओढ दांडगी. तिला तो 'बैल' म्हणे. दुसरीत चारच फेऱ्यांत चाक मोकळं. चाल सुसाट, पण ओझं पाहिलं की तोंड फिरवणार. ती 'घोडी'.

गिऱ्हाईक आलं की पोरगी दाखवायला आणल्यासारखी उलटतपासणी चाले. माल काय? वजन किती? वाटेत घाट कुठला? शेवटी निकाल मिस्त्रीचाच. एका सरपंचाने घोडीचा हट्ट धरला, तेव्हा रंगनाथने त्याला भर रस्त्यावर ऐकवलं होतं, "तुमाला पळायचं आसंल तर धोतर खोचून पळा. गाडीला गोण्या घिऊन चढायचंय." सरपंच रागाने गेला आणि आठवड्याने बैल बसवून घ्यायला परत आला. ही गोष्ट मिस्त्री दर चहाला एकदा सांगायचा.

असा हा वाघ एकाच माणसापुढे शेळी व्हायचा. तो माणूस म्हणजे काष्टीचे पुंजाराम आबा, त्याचे व्याही.

रंगनाथची एकुलती एक भागिरथी आबांच्या घरी दिली होती. आबा म्हशींचे व्यापारी. घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात म्हशी घ्यायच्या आणि शनिवारी काष्टीच्या बाजारात विकायच्या. एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर आबा शेडमध्ये आले, पिकअपची ऑर्डर दिली आणि मिशीवर ताव देत म्हणाले, "इवाई, गाडी अशी पायजे, की नगरच्या रस्त्याला यस्टी मागं पडली पायजे!"

रंगनाथने तोंड उघडलं. घोडेगावाहून नगरला येताना इमामपूरचा घाट चढावा लागतो, आणि तोही म्हशी भरून, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण शेडला लागूनच घर. दाराआडून त्याच्या बायकोने, छबूबाईने, बांगड्या वाजवल्या. रंगनाथने तोंड मिटलं.

आबा गेल्यावर ती म्हणाली, "इवायाला न्हाई म्हनायचं न्हाई. पोरगी तिथं नांदतीय."

"आगं पन घाटात..."

"घाट दोन कोसाचा. नांदनं जल्माचं."

मुलीच्या बापाने मुलाच्या बापापुढे मान खाली घालायची, हा नियम त्याने कुठल्या पान्याने सैल करावा? त्याने फळीवरून घोडी उतरवली. बसवताना हाताखाली मी होतो, त्याचा शिकाऊ पोरगा. शेडमध्ये एवढी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती.

पहिल्या फेरीला आबांनी मिस्त्रीलाच गाडी चालवायला घेतलं. शेजारी स्वतः बसले. भागिरथी माहेरी आलेली होती, तीही निघाली. कारण सुनेने धार काढून पाहिल्याशिवाय आबा म्हैस घेत नसत. मागे हौद्यात मी, फुकटचा बाजार पाहायला.

जाताना घाट उताराचा, हौदा रिकामा. गाडी अशी सुटली की आबांचा फेटा दोनदा सुटला. यस्टी खरोखरच मागे पडली. आबा खिडकीतून हात काढून ओरडले, "आरं, इवाई हाय का कोन हाय माजा!" रंगनाथ हसला, पण दाढ दुखत असल्यासारखा.

बाजारात आबांच्या मनात एक काळीभोर, शिंगांचं वळण सुरेख असलेली म्हैस भरली. दलालाबरोबर रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरतच आला होता. एवढ्यात धार काढून भागिरथी उठली. डोक्यावरचा पदर सावरत तिने सगळ्यांदेखत सांगितलं, "मामा, ही न्हाई. मागचं एक सड मुकं हाय, दूध येत न्हाई."

रंगनाथने डोळे मिटले. आता सासरा सुनेला भर बाजारात झापणार!

आबांनी रुमालातून हात काढला. "न्हाई म्हंजी न्हाई," ते दलालाला म्हणाले, "आमच्या घरात म्हशीचं हिच्या शबुदावर चालतं." आणि पुढच्या दावणीला गेले.

रंगनाथ तिथेच उभा राहिला. ज्या माणसाला 'नाही' म्हणायच्या भीतीने त्याने आपली विद्या गुंडाळून ठेवली, त्याला त्याची पोरगी 'नाही' म्हणत होती आणि तो ऐकतही होता.

दोन म्हशी नि एक रेडकू भरून आम्ही परतलो. घाट लागला. गाडीला गिअर तीनच. जीपची पुढच्या चाकांची ओढ नि तिचा जादा गिअरबॉक्स लिलावाआधीच काढून घेतलेला. पहिल्या वळणापर्यंत इंजिन कण्हलं, दुसऱ्या वळणाला क्लच जळाल्याचा वास आला आणि पाणी उकळून गाडी थांबली. आम्ही मागच्या चाकांना दगड लावले.

रंगनाथ लगेच गाडीखाली शिरला. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. पण मिस्त्रीला तोंड लपवायला जगात तेवढीच एक जागा. खालून आवाज आला, "पेट्रोलात पानी दिसतंय."

भागिरथी वाकली. शेडमध्ये वाढलेली पोर ती. हळूच बापाला म्हणाली, "दादा, पेट्रोलात पानी न्हाई. तुमी घोडी बसवलीय." खाली दिसणारे पाय आणखी आत सरकले.

तोवर मागून बाजार येऊ लागला. आम्ही ज्यांना सकाळी धूळ चारली होती त्या बैलगाड्या घुंगरं वाजवत पुढे निघाल्या. एकाने विचारलं, "का हो, म्हशी थकल्या का गाडी?" दुसरा म्हणाला, "मिस्त्री, म्हशीच जुपा की पुढं! चार शिलिंडर नि आठ पाय, लई झालं!" शेवटी यस्टी आली. खिडक्याखिडक्यांतून दात दिसले.

म्हशी उतरवल्या. भागिरथीने त्यांचे कासरे धरले आणि घाट चढू लागली. रेडकू उड्या मारत तिच्या पुढे. गाडी रिकामी झाली, तरी दमलेला क्लच पहिल्या गिअरात तिला हलवेना. आता एकच उपाय उरला होता. या गाडीचा सगळ्यांत ताकदवान गिअर रिव्हर्सचा. रंगनाथने गाडी वळवली आणि इमामपूरचा घाट पाठमोरा चढू लागला.

गाडीची पाठ नगरकडे, तोंड घोडेगावकडे. म्हणजे घाट चढणारा अख्खा बाजार मिस्त्रीच्या समोर. येणारा प्रत्येक माणूस त्याच्या तोंडाकडे बघत होता. मान वळवून मागचा रस्ता पाहायच्या निमित्ताने तरी त्याला तोंड फिरवता आलं, एवढीच त्या गाडीने दाखवलेली दया.

घाटमाथ्यावर म्हशी आमच्या आधी पोचून रवंथ करत होत्या. आबा उतरले. फेट्याचा शेव झटकून त्यांनी सरळ विचारलं, "इवाई, तुमाला ठावं हुतं?"

पाणी, क्लच, इंजिन, सगळी निमित्तं हाताशी होती. भागिरथी बापाकडे बघत होती.

"व्हय," रंगनाथ म्हणाला. "ठावं हुतं."

"मंग?"

"तुमी इवाई."

आबांनी जवळच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाले, "ही तुमची पोर मला दिसातनं दहादा न्हाई म्हनती. तरी नांदतीय की! मी गाडी इवायाकडं न्हाई, मिस्त्रीकडं मागितली हुती." एवढं बोलून ते हौद्यात जाऊन बसले. मिस्त्रीच्या शेजारी बसले नाहीत.

सरपंचाची गोष्ट त्यानंतर शेडमध्ये कधी निघाली नाही. चहा नुसताच होऊ लागला.

शनिवारचा बाजार उरकून आबा गाडी घेऊन शेडमध्ये आले. स्टुलावर बसले, गिऱ्हाइकासारखे. "मिस्त्री, म्हशी दोन. घाट इमामपूरचा. मला गाडी पळनारीच पायजे. बसवाल?"

दाराआड बांगड्या वाजल्या. रंगनाथच्या हातात कापसाचा बोळा होता. तो बोटांवरचं तेल पुसत राहिला, निघालेलं तेलसुद्धा पुसत राहिला.

"न्हाई," तो म्हणाला. आवाज सभेचा नव्हता, आणि मान खालीच होती.

"हां," आबा म्हणाले, आणि जाकीट काढून खुंटीला अडकवलं. "मंग काढा तुमचा बैल."