हार काढल्यावर

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे मी... जे मोजता येत नाही ते नाहीच, असा माझा खाक्या. तरी लिहितोय.

बायको जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला मनमाडहून सासूबाई आल्या होत्या. माझ्या शिफ्टमुळे आमच्या सात वर्षांच्या इराची आबाळ होते, म्हणून त्या तिला संध्याकाळच्या गाडीने कायमची घेऊन जाणार होत्या. मी हो म्हणालो होतो. वर्षभर कुणी काहीही विचारलं तरी मी होच म्हणत होतो. आत सगळं बधिर.

त्यात ऐन वेळी बायकोच्या फोटोची काच फुटली. सासूबाईंनी हार उचलला आणि हॉलमधल्या चित्राला घातला. ते बायकोनेच काढलेलं... आम्ही तिघं, पण नाक ना डोळे, नुसते रंगाचे फराटे. एक मोठा आणि एक छोटा आकार एकमेकांना बिलगलेले, तिसरा बाजूला, मधे पांढरी फट. बाजूला ती स्वतः उभी राहून मला आणि इराला बघतेय, असा अर्थ मी लावला होता.

"आजी, यात मी पण आहे," इरा म्हणाली. "ही आई, ही मी. बाजूला बाबा."

सासूबाईंचा चेहरा उतरला. जिवंत माणसाच्या चित्राला कोण हार घालतं? "मला वाटलं, नुसते रंग हायेत," म्हणत त्यांनी घाईघाईने हार काढला.

फट नव्हती. बाजूच्या आकाराचा हात छोट्या आकाराच्या पाठीवर होता.

मी बोट लावून पाहिलं. रंग कोरडा, जुना. सकाळी मीच ते चित्र पुसलं होतं, तेव्हा फट होती.

"प्रशांतराव, इथं पांढरं होतं ना?"

"होतं."

मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. फक्त तोंडातून निघालं, "आई, तिला नका नेऊ."

 सासूबाई संध्याकाळी एकट्याच गेल्या.

मी दिवसाची जनरल शिफ्ट मागून घेतली. चित्राचं कोडं काही सुटलेलं नाही. बधिरपणाही पुरता गेलेला नाही... पण मी पोळ्या लाटत असलो की इरा मागून येऊन पाठीला टेकते. ते मला जाणवतं. वर्षभर जाणवत नव्हतं.