चारठाण्यापुढची खोडलेली वस्ती

सोलापूर सोडलं तेव्हाच डोकं तापलेलं होतं. माझी बायको सरस्वती मूत्रपिंडाच्या विकाराने गेली. शहरातल्या मोठ्या डॉक्टरने तो वेळेत ओळखला नाही, हा राग मी अजून विसरलेलो नाही. डोक्यावर टोपली घेऊन भांडी विकत मी दुकान उभं केलं आणि त्यातून तिच्या नावाने चांदीचं पदक ठेवलं, याच रोगावर काम करणाऱ्या तरुण संशोधकासाठी. यंदा निवड समितीने परभणीकडच्या डॉ. वाघमारे यांचं नाव वगळलं. "त्यांचं वर्षाचं काम फुकट गेलंय," एवढंच कळवलं. माल पाहिल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही.

देवगाव फाट्यावर एस.टी.तून उतरलो. भाकरी आणि ठेचा खाऊन बैलगाडी ठरवली. भाव बराच वेळ चालला.

"लय घासायलाव शेठ," गाडीवाला म्हणाला. "भांड्याचं दुकान हाय वाटतं?"

मी गाडीत बसलो. चारठाण्याची जुनी देवळं मागे पडली. पुढे नुसती काळी, भेगाळलेली रानं.

वस्तीवरच्या शाळेच्या ओट्यावर वाघमारे नळीतली लघवी दिव्यावर तापवत होते. पेडगावच्या शिक्षकाचा मुलगा, वय तिशीच्या आत. तापवल्यावर लघवी पांढरी फुटली की मूत्रपिंड बिघडल्याची शंका घ्यायची. त्यांच्या घरोघरच्या तपासणीच्या वहीत या वस्तीच्या सगळ्या पानांवर तांबडी रेघ होती.

"ही का खोडली?"

ते मला एका माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात घेऊन गेले. बाजेवर सतरा-अठरा वर्षांची मुलगी होती. चेहरा इतका सुजलेला की डोळे उघडत नव्हते. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. सरस्वतीचे पाय असेच होते.

"तपासायच्या बाटलीत पोरीऐवजी थोरल्या सुनंचं भरून दिलं," तिची आई म्हणाली. "पोरीचं लगीन ठरलं हुतं. रोग निघाला असता तर मोडलं असतं."

"आणि आता?"

"आता मोडलंच की."

बाहेर आल्यावर वाघमारे म्हणाले, "एका घरात असं झालं, तर बाकीच्यांचं खरं कशावरून? पुन्हा पहिल्या घरापासून सुरू केलंय. आता बाटली नर्सबाईंसमोर भरते."

"समितीला सांगितलं नसतं तर पदक मिळालं असतं."

"मिळालं असतं. पण शेठ, या पोरीला मी निरोगी लिहिलं होतं."

"वाचेल?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. गाडीपर्यंत सोडायला आले तेव्हा विचारलं, "सरस्वतीबाईंना सूज किती दिवस होती?"

"दोन दिवस."

मोठ्या डॉक्टरलाही मी हेच सांगितलं होतं.  परतताना गाडीवाल्याने मागितले तेवढे दिले.

घरी येऊन दोन पत्रं लिहिली. पहिलं समितीला: पदक वाघमाऱ्यांनाच, त्या खोडलेल्या पानांसाठी, मान्य नसेल तर माझं पदक परत पाठवा. ते एका दमात झालं.

दुसरं वाघमाऱ्यांना. त्याला चार दिवस लागले. सूज दोन महिने होती. लग्नसराईत दुकान बंद ठेवायचं नव्हतं, म्हणून डॉक्टरकडे जाण्यापासून तिला मीच थांबवलं होतं.